ओव्हरीतली गाठ: काढायची की थांबायचं? दोनशे वर्षांची गोष्ट

ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढलीय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

आजचा विषय माझ्या घरातूनच आलाय. चार महिन्यांपूर्वी पोटात उजव्या बाजूला दुखायला लागलं. आठवडाभर ऑफिसच्या नादात दुर्लक्ष केलं आणि मग सोनोग्राफी केली. रिपोर्टमध्ये एक ओळ होती, उजव्या ओव्हरीत ५.८ सेंटिमीटरची साधी सिस्ट. पहिले डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून काढून टाकू, एक-दोन दिवसांचं काम, पुढच्या आठवड्यात तारीख घेऊ. मी दुसरं मत घ्यायला गेले. तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आत्ता काही करू नका, तीन महिन्यांनी परत सोनोग्राफी करू. पोटात अचानक जोरात कळ आली आणि उलट्या झाल्या तर मात्र तासाभरात हॉस्पिटल गाठा.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, गाठ आहे म्हणतात आणि काहीच करायचं नाही? मग डॉक्टरकडे गेलीस कशाला?"

आईचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्या रात्री मी वाचायला बसले आणि गुंतत गेले. गाठ काढणं हा उपचार आहे हे कळतं. पण थांबणं हाही उपचार आहे, हे कधी ठरलं? कोणी ठरवलं? आणि ते ठरवायला इतका वेळ का लागला? आजचा भाग त्यावर आहे.

सुरुवातीलाच सांगते, मी डॉक्टर नाही. हा इतिहासाचा भाग आहे, सल्ला नाही.

आधी गाठ म्हणजे काय

ओव्हरी, म्हणजे अंडाशय. बाईच्या पोटात गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना एकेक, साधारण बदामापेक्षा थोडं मोठं. दर महिन्याला त्यात एक छोटी पाण्याची पुटकुळी वाढते, दोनेक सेंटिमीटरची होते, फुटते आणि बीज बाहेर येतं. कधी ती फुटतच नाही आणि वाढत राहते, तर कधी फुटल्यावर परत भरते. झाली सिस्ट. अशा गाठी बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांमध्ये आपोआप जिरतात.

पण सगळ्या गाठी अशा नसतात. काहींमध्ये केस, चरबी, अगदी दातसुद्धा सापडतात, त्यांना डर्मॉइड म्हणतात. काहींमध्ये जुनं, घट्ट, चॉकलेटी रंगाचं रक्त साठतं. अमेरिकेतल्या ऑल्बनी शहरातल्या जॉन सॅम्पसन या डॉक्टरांनी १९२१ साली त्यांवर लिहिलं आणि 'चॉकलेट सिस्ट' हे नाव रूढ झालं. काही गाठी वाढत वाढत पोटभर होतात. आणि थोड्या गाठी कॅन्सरच्या निघतात.

(बऱ्याच जणी विचारतात म्हणून, पीसीओएस ही वेगळी गोष्ट आहे. तिच्या नावात सिस्ट असली तरी तो हार्मोनचा प्रश्न आहे. त्यावर भाग पुन्हा कधीतरी.)

आता मुद्दा असा की बाहेरून पोटावर हात ठेवून यातली कुठली गाठ आहे हे सांगणं फार कठीण असतं. पुढची सगळी गोष्ट या एका अडचणीभोवती फिरते. आत काय आहे ते दिसत नाही आणि निर्णय तर घ्यायचाय.

पाणी काढायचे दिवस

लंडनमध्ये बनहिल फील्ड्स नावाची जुनी दफनभूमी आहे. तिथे मेरी पेज नावाच्या एका बाईंची कबर आहे. त्या १७२८ साली गेल्या, वयाच्या ५६ व्या वर्षी. कबरीवर त्यांच्या आजाराचा चक्क हिशोब कोरलेला आहे. ६७ महिन्यांत ६६ वेळा पोटातून पाणी काढलं, एकूण २४० गॅलन. आजच्या मापात नऊशे ते हजार लिटर. आणि पुढे लिहिलंय की एवढं होऊनही त्यांनी कधी कुरकुर केली नाही की त्या घाबरल्या नाहीत.

त्यांच्या दुखण्याचं मूळ ओव्हरीच्या गाठीत असावं असा काही डॉक्टरांचा तर्क आहे. मूळ काहीही असो, पोट फुगलेल्या बाईसाठी त्या काळी जो उपाय होता तो हाच. टोकदार नळी पोटात खुपसायची, पाणी काढायचं, ते परत भरेपर्यंत वाट बघायची आणि पुन्हा खुपसायची. याने काही काळ श्वास घेता यायचा, पण गाठ जागच्या जागी राहायची. प्रत्येक वेळी जंतुसंसर्गाची जोखीम असायचीच, आणि जंतूंमुळे असा संसर्ग होतो हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं.

म्हणजे तेव्हा पर्याय खरं तर एकच होता. तो परत परत वापरायचा, बास.

डॅनव्हिल, डिसेंबर १८०९

आता अमेरिकेत जाऊ. केंटकी राज्य, तेव्हाचा अगदी सीमेवरचा, जंगलाचा मुलूख. जेन टॉड क्रॉफर्ड नावाची पंचेचाळिशी पार केलेली शेतकरी घरातली बाई. पोट वाढत चाललेलं. गावातल्या डॉक्टरांना आणि तिला स्वतःलाही वाटत होतं की दिवस गेलेत. कळाही येत होत्या, पण बाळ काही येत नव्हतं. शेवटी डॅनव्हिल गावच्या एफ्रेम मॅकडॉवेल या डॉक्टरांना बोलावणं गेलं. ते एडिनबरोला जाऊन शिकून आले होते.

त्यांनी तपासलं आणि लक्षात आलं की गर्भाशय रिकामं आहे, ही ओव्हरीची प्रचंड गाठ आहे.

यानंतर त्यांनी काय केलं ते त्यांनी स्वतः १८१७ साली फिलाडेल्फियाच्या एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलंय. मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा भाग. त्यांनी तिला खरं सांगितलं. तुझी अवस्था धोक्याची आहे. एवढी मोठी गाठ काढलेली मी कधी पाहिलेली नाही, कोणी काढून यशस्वी झाल्याचं ऐकलेलंही नाही. ऑपरेशन केलं तर तो एक प्रयोग असेल. तुझी तयारी असेल तर डॅनव्हिलला ये, मी करीन.

ती तयार झाली. डॅनव्हिल ६० मैलांवर, म्हणजे जवळजवळ ९६ किलोमीटर. कडाक्याची थंडी. ती घोड्यावर बसून काही दिवसांत पोचली. खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर गाठ टेकून टेकून तिच्या पोटाला मार लागला होता.

भूल नव्हती. ईथरची भूल देऊन जाहीर ऑपरेशन बोस्टनला झालं ते १८४६ साली, म्हणजे सदतीस वर्षांनी. मॅकडॉवेल यांनी घरातल्या टेबलावर तिच्या पोटाच्या डाव्या बाजूला नऊ इंचांचा छेद घेतला. गाठ इतकी मोठी की सबंध बाहेर येईना. नळीच्या बाजूने घट्ट दोरा बांधला, गाठ फोडली, आतला १५ पौंड चिकट द्रव काढला आणि मग साडेसात पौंडांची पिशवी कापून बाहेर काढली. एकूण दहा किलोंच्या वर. या सगळ्यात आतडी पोटाबाहेर टेबलावर आली होती आणि ऑपरेशन संपेपर्यंत आत घालता आली नाहीत. सगळं २५ मिनिटांत आटोपलं.

पाच दिवसांनी डॉक्टर बघायला गेले तर बाई स्वतःचं अंथरूण आवरत होत्या! पंचविसाव्या दिवशी त्या घरी परतल्या. आणि गेल्या कधी, तर १८४२ साली, ७८ व्या वर्षी.

एवढं ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. मलाही वाटल्या. पण त्याच १८१७ च्या लेखात तीन ऑपरेशनं आहेत आणि दुसऱ्या दोन बाई कृष्णवर्णीय आहेत. केंटकीत तेव्हा गुलामगिरी होती. त्यांची नावं लेखात नाहीत. जेनला डॉक्टरांनी धोका समजावून सांगितला आणि तिने निर्णय घेतला, हे नोंदवलेलं आहे. या दोघींच्या बाबतीत होकार कोणी दिला, त्यांनी की त्यांच्या मालकाने? पुढे लंडनमधल्या जेम्स जॉन्सन या वैद्यकीय संपादकाने या लेखाची टिंगल केली. केंटकीच्या या बायका कुत्र्या-सशांसारखं कापणं सहन करत असतील, अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं. नंतर त्यांनी जाहीर माफी मागितली, पण देवाची आणि मॅकडॉवेलची. त्या बायकांची नाही.

म्हणून पर्याय निवडण्याच्या इतिहासात मी हा प्रश्न जोडते. पर्याय कोणते होते एवढंच बघून पुरत नाही, ते कोणापुढे ठेवले गेले तेही बघावं लागतं.

हिशोबाची वही

मॅकडॉवेल यांच्यानंतर तीस-चाळीस वर्षं हे ऑपरेशन बदनामच होतं. मोठे मोठे सर्जन ते करणाऱ्यांना पोटफाडे म्हणायचे. आणि त्यात तथ्यही होतं, कारण बऱ्याच बायका मरत होत्या. मँचेस्टरचे चार्ल्स क्ले यांनी १८४२ पासून ही ऑपरेशनं सुरू केली, पण लोकांचं मत खरं बदलायला लागलं ते लंडनच्या स्पेन्सर वेल्स यांच्यामुळे. त्यांचं पहिलं यशस्वी ऑपरेशन १८५८ सालचं.

वेल्स यांचं हातकौशल्य होतंच, पण मला त्यांची वही जास्त आवडते. त्यांनी ठरवलं की प्रत्येक केस छापायची. जगलेलीही आणि मेलेलीही. तोपर्यंत रिवाज असा होता की यश छापायचं आणि अपयश टेबलाखाली सरकवायचं. वेल्स यांचे आकडे बघा. पहिल्या १०० बायकांपैकी ३४ गेल्या. दुसऱ्या शंभरात २८. तिसऱ्यात २३, चौथ्यात २२, पाचव्यात २०. म्हणजे ५०० मागे १२७ मृत्यू.

आज हे आकडे भयंकर वाटतात. पण क्षणभर त्या काळातल्या बाईच्या जागी बसा. पोटात दहा किलोंची गाठ आहे, काही केलं नाही तर वर्ष-दोन वर्षांत मरण जवळजवळ ठरलेलं. आणि समोरचा डॉक्टर खरा आकडा सांगतोय की चारातल्या तिघी जगतात. मेरी पेज यांना असा आकडा कोणी देऊ शकलं नसतं. तोलायला दोन्ही पारड्यांत काहीतरी असावं लागतं, ते इथे पहिल्यांदा आलं. पुढे भूल सुधारली, लिस्टर यांच्या जंतुनाशक पद्धती १८६७ नंतर पसरल्या, मृत्यू आणखी कमी झाले. १८८० सालापर्यंत वेल्स यांची हजार ऑपरेशनं पूर्ण झाली होती.

हात बसला आणि घसरला

यानंतरचं प्रकरण मला वाचताना सगळ्यात जड गेलं.

ऑपरेशन सुरक्षित होत गेलं तसं ते कशासाठीही व्हायला लागलं. १८७२ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात रॉबर्ट बॅटी या सर्जनने एका तरुणीच्या दोन्ही ओव्हरी काढल्या. त्यात मोठी गाठ होती म्हणून नव्हे. तिच्या पाळीच्या त्रासावर हा उपाय लागू पडेल असं त्यांना वाटलं म्हणून. त्याच सुमाराला जर्मनीत हेगर आणि इंग्लंडमध्ये लॉसन टेट तशीच ऑपरेशनं करत होते. बघता बघता पाळीच्या वेदना, फिट्स, 'हिस्टेरिया', अगदी वेडसरपणा ठरवूनही बायकांच्या ओव्हरी काढल्या जाऊ लागल्या. पाळी कायमची थांबली की सगळं शांत होईल असा हिशोब.

विरोध कोणी केला? स्पेन्सर वेल्स यांनीच. ज्या माणसाने हे ऑपरेशन प्रतिष्ठित केलं, त्याने १८८६ साली लिहिलं की मानसिक आणि मज्जातंतूंच्या आजारांसाठी बायकांच्या ओव्हरी काढणं थांबवलं पाहिजे.

ओव्हरी फक्त मुलं होण्यापुरती नसते, तिच्या हार्मोनवर हाडं आणि हृदयही अवलंबून असतं, हे नीट कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. तोवर कितीतरी जणींच्या दोन्ही ओव्हरी गेल्या होत्या.

हे सगळं लांबचं आणि जुनं वाटत असेल, तर आपल्या बीडकडे बघा. ओव्हरीऐवजी गर्भपिशवी म्हणा, गोष्ट तीच आहे. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांमध्ये पिशवी काढण्याचं प्रमाण फार जास्त आहे अशी ओरड झाल्यावर २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीचे चार दिवस मजुरी बुडते, खाडा झाला की मुकादम दंड लावतो, फडावर ना पाणी ना संडास. त्यात अंगावरून जातंय, पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलं की पुढे कॅन्सर होईल अशी भीती घातली जाते. अशा बाईला तीन महिन्यांनी परत या असं सांगितलं तर ती कुठून येणार? तेव्हा ती कर्नाटकात नाहीतर सांगलीकडे ऊस तोडत असते.

मला दुसरं मत घेता आलं, कारण माझ्याकडे ऑफिसचा विमा होता आणि सुट्टी मिळत होती. हे म्हटल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

गाठ काढा, ओव्हरी ठेवा

परत लंडन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्वसाधारण पद्धत अशी होती की गाठ आहे म्हणजे ती ओव्हरी गेली. व्हिक्टर बॉनी नावाचे सर्जन याच्या विरोधात उभे राहिले. त्यांच्या पत्नीची गर्भपिशवी फायब्रॉइडमुळे तरुणपणीच काढावी लागली होती आणि त्यांना मूल झालं नाही. बॉनी आयुष्यभर एकच गोष्ट सांगत राहिले. आजार काढा, अवयव काढू नका. फायब्रॉइड सोलून काढता येतो, पिशवी ठेवता येते. गाठही कवच सोलावं तशी काढता येते, ओव्हरी ठेवता येते. १९४६ साली त्यांनी या दोन ऑपरेशनांच्या बारकाव्यांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं.

आज डॉक्टर 'सिस्टेक्टॉमी' म्हणतात ते हेच, फक्त गाठ काढणं. 'ऊफोरेक्टॉमी' म्हणजे ओव्हरीच काढणं. संमतीपत्रावर यातला कुठला शब्द आहे ते बघून सही करा. मी माझं पहिलं संमतीपत्र दोनदा वाचलं, त्यात दोन्ही शब्द मध्ये तिरकी रेघ मारून लिहिले होते.

ग्लासगो: कारखान्यातलं यंत्र

इथपर्यंत गोष्ट कापण्याचीच आहे. लवकर कापा, नीट कापा, कमी कापा. न कापता थांबायचं तर आत काय आहे ते दिसायला हवं. ते दिसलं स्कॉटलंडमध्ये, आणि तेही बॉयलरच्या कारखान्यामुळे.

इयन डोनाल्ड १९५४ साली ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात होते, रडार त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्यांना कळलं की कारखान्यात धातूच्या सांध्यातली चीर शोधायला ध्वनिलहरी वापरतात. लहर सोडायची, ती कुठे आदळून परत येते ते बघायचं. जुलै १९५५ मध्ये ते ग्लासगोजवळच्या रेनफ्र्यू इथे बॅबकॉक अँड विलकॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कंपनीत गेले. दोन गाड्यांच्या डिक्कीत ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी भरून! काही घट्ट फायब्रॉइड, काही ओव्हरीच्या पाण्याच्या गाठी. तुलनेसाठी कंपनीने मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. पडद्यावर फरक लख्ख दिसला. पाण्याच्या गाठीतून लहर सरळ आरपार जाते आणि पलीकडच्या भिंतीवरून परत येते. घट्ट गाठीत ती वाटेतच विखुरते.

आता माझ्या आवडीचा माणूस. टॉम ब्राऊन, केल्विन अँड ह्यूज कंपनीतला इंजिनिअर, १९५६ साली जेमतेम तेविशीचा. हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमधल्या दिव्याच्या कामाच्या निमित्ताने त्याच्या कानावर आलं की इथला कोणी प्रोफेसर धातू तपासायचं यंत्र माणसांवर लावतोय. ब्राऊनने फोनच्या डिरेक्टरीत डोनाल्ड यांचा नंबर शोधला आणि सरळ फोन केला. जाऊन बघतो तर यंत्र जुनं, नीट चालत नव्हतं. मग त्याने ते सुधारलं आणि पुढे पोटावरून फिरवून सपाट चित्र काढणारं नवं यंत्रच बनवलं. मी रोज ज्या कामाला कंटाळते, दुसऱ्याच्या यंत्रातला बिघाड शोधत बसणं, त्याच कामातून हे सुरू झालं.

तेव्हाची एक केस. एका वयस्क बाईचं पोट फुगलं होतं, वजन घटत होतं, उलट्या होत होत्या. निदान होतं जठराचा कॅन्सर, पुढे गेलेला, ऑपरेशनच्या पलीकडचा. डोनाल्ड यांनी यंत्र लावलं. पडद्यावर दिसलं की पोटात सुटं पाणी नाही, भिंत असलेली एक प्रचंड गाठ आहे. ऑपरेशन केलं, ओव्हरीची साधी, कॅन्सर नसलेली गाठ निघाली. बाई बऱ्या झाल्या.

७ जून १९५८ च्या 'लॅन्सेट'मध्ये डोनाल्ड, जॉन मॅकव्हिकर आणि ब्राऊन यांचा लेख आला. आपल्या गावातल्या सोनोग्राफी सेंटरचा उगम त्या लेखात आहे. आणि आपण सोनोग्राफी म्हटलं की बाळाचा विचार करतो, पण सुरुवातीला ज्या केसने डॉक्टरांची खात्री पटवली ती ओव्हरीच्या गाठीची होती.

दिसायला लागलं, मग नवीन पंचाईत

आता वाटेल की प्रश्न सुटला. उलट झालं. आधी पोटावर हाताला लागेल एवढी गाठ असेल तरच कळायची. आता तीन-चार सेंटिमीटरच्या गाठीही दिसायला लागल्या. त्या आधीही होत्याच, येत होत्या, जात होत्या, कोणाला पत्ता नव्हता. आता रिपोर्टवर आल्या आणि रिपोर्टवर आलं की काहीतरी करावंसं वाटतंच. माझ्या आईला वाटलं तसं.

मग गोळ्या सुरू झाल्या. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये अशा गाठी कमी दिसतात हे लक्षात आलं होतं. त्यावरून डॉक्टर झालेल्या गाठीवरही दोन-तीन महिने गोळ्या द्यायला लागले, आणि गाठी जिरायच्यासुद्धा. पुढे गोळी देऊन आणि न देऊन तुलना झाली तेव्हा कळलं की न देताही तेवढ्याच जिरतात. कोक्रेनच्या समीक्षेने हे सगळे अभ्यास एकत्र करून हेच सांगितलं. नवीन गाठ होऊ नये म्हणून गोळीचा उपयोग आहे, झालेली गाठ मात्र ती घालवत नाही.

रक्ताची एक तपासणी आली, सीए-१२५. रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली त्यासाठीचा अँटिबॉडी तयार केला. ओव्हरीच्या कॅन्सरवर उपचार चालू असताना लक्ष ठेवायला ती उपयोगी. पण चॉकलेट सिस्ट, फायब्रॉइड, गरोदरपण, अगदी पाळी चालू असली तरी तिचा आकडा वाढतो.

मग कोणीतरी विचारलं की त्रास नसलेल्या सगळ्या बायकांची दरवर्षी सोनोग्राफी आणि सीए-१२५ केली तर कॅन्सरने होणारे मृत्यू कमी होतील का? अमेरिकेत ७८ हजार बायकांवर हा अभ्यास झाला, २०११ साली निकाल आला. मृत्यू कमी झाले नाहीत. ३,२८५ जणींना शंका असल्याचं सांगितलं गेलं, जी खोटी निघाली. त्यातल्या १,०८० जणींचं ऑपरेशन झालं, आणि त्यातल्या १६३ जणींना गंभीर गुंतागुंत झाली. गाठ कॅन्सरची नसताना. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांचा असाच अभ्यास झाला, २०२१ साली तिथलंही उत्तर तेच आलं.

आणि थांबलेल्यांचं काय? बेल्जियममधल्या लूव्हेनच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने अनेक देशांत मिळून झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. सोनोग्राफीत साध्या दिसलेल्या गाठी असलेल्या १,९१९ बायकांवर दोन वर्षं नुसतं लक्ष ठेवलं. पाचातल्या साधारण एकीची गाठ आपोआप गेली. १६ टक्क्यांचं पुढे ऑपरेशन झालं. कॅन्सर निघाला ०.४ टक्के, गाठीला पीळ बसला ०.४ टक्के, गाठ फुटली ०.२ टक्के. धोका शून्य नाही हे नीट लक्षात घ्या. हजारात चार म्हणजे चार खऱ्या बायका. पण ऑपरेशनचाही धोका शून्य नसतो. विशेषतः चॉकलेट सिस्ट सोलताना ओव्हरीतली काही बीजं तिच्याबरोबर जातात, आणि ज्यांना पुढे मूल हवंय त्यांना हे आधी कळायला हवं.

हे आकडे हातात आले तेव्हा कुठे थांबणं हा पर्याय झाला. त्याआधी थांबणं म्हणजे मेरी पेज यांच्यासारखं सोसणं होतं.

मी काय केलं

मी आईला आणि बाबांना बसवून कागदावर दोन रकाने केले, आत्ता काढलं तर आणि थांबलं तर. वय २८, गाठ साधी, आत पडदे नाहीत की घट्ट भाग नाही, दुखणं कमी होत आलेलं. ब्रिटनमधली डॉक्टरांची मार्गदर्शक सूचना सांगते की पाळी चालू असलेल्या वयात पाच सेंटिमीटरपर्यंतच्या साध्या गाठीला सहसा परत तपासायचीही गरज नसते, पाच ते सातच्या गाठीची वर्षाने सोनोग्राफी करावी, त्याहून मोठी असेल तर पुढचा विचार करावा. माझी मधली. पाळी गेलेल्या बाईचा, किंवा घरात आई-बहिणीला कॅन्सर झालेल्या बाईचा कागद वेगळा दिसला असता. डर्मॉइडचाही वेगळा, कारण ती आपोआप जात नाही.

मग डॉक्टर मॅडमना चार प्रश्न विचारले. गाठ कुठल्या प्रकारची वाटते? थांबलं तर काय होऊ शकतं, आणि किती जणींना होतं? ऑपरेशन झालंच तर फक्त गाठ काढणार की ओव्हरीही? आणि कुठल्या लक्षणाला रात्री-अपरात्री धावत यायचं? त्यांनी चारही प्रश्नांची शांतपणे उत्तरं दिली. एकाचं उत्तर देताना तर म्हणाल्या, हे पक्कं सांगता येणार नाही. मला जेनला तिच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आठवलं.

मागच्या महिन्यात परत सोनोग्राफी झाली. ५.४ सेंटिमीटर. गेलेली नाही, वाढलेलीही नाही. आता सहा महिन्यांनी बघायचंय. आई अजून पूर्ण पटलेली नाही. परवा म्हणाली, "सहा महिने म्हणजे गणपती येतील. त्याच्या आधी जाऊन ये." मी कॅलेंडरमध्ये तारीख टाकून ठेवलीय.

तुमच्या घरात कोणाच्या रिपोर्टवर अशी ओळ आली असेल तर हा भाग तिला पाठवा. आणि तिच्याबरोबर दवाखान्यात जाणार असाल तर प्रश्न तिला विचारू द्या, तुम्ही उत्तरं लिहून घ्या.

भेटू पुढच्या भागात.